आधी यादी, मग वर्गणी: पालक-शिक्षक संघाच्या पैशांबद्दल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा, पाचवी ते दहावी, ४२० मुलं. जुलैच्या सभेत तुम्हाला पालक-शिक्षक संघाचं खजिनदार केलं. हातात आली एक डायरी, अर्धं वापरलेलं पावतीपुस्तक आणि ‘३८,४०० शिल्लक आहेत’ एवढं तोंडी वाक्य. पैसे मागच्या खजिनदारांच्या स्वतःच्या बचत खात्यात आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, या वर्षी दोन लाख जमवा, दोन डिजिटल फळे घ्यायचेत. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणीचा विषय निघाला की सगळे गप्प बसतात आणि ठरलेले दोघे भांडतात. तुम्ही विचारताय की अंदाजपत्रक कसं मांडू आणि पैसे कुठून उभे करू.

मी साताऱ्याकडची. सहकारी बँकेत २२ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच हिशेब विभागात. मुलांच्या शाळेत सहा वर्षं संघाची खजिनदार होते, आणि नंतर माहेरच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा हिशेब लिहायला मदत केली. जे सांगते ते या दोन ठिकाणच्या अनुभवावरून.

तुमच्या पत्रात मला पैशांची चणचण दुसऱ्या नंबरावर दिसते. त्याआधीची अडचण ही की कुठला खर्च संघाचा आणि कुठला शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, हे तुमच्याकडे कुणी ठरवलेलंच नाही. ते ठरत नाही तोवर पालकांना कितीही गोड शब्दांत मागा, त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: हे आम्ही का द्यायचं? तो प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर खजिनदाराकडे कागदावर असायला हवं.

आता काय कशावर अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण शाळेच्या प्रकारानुसार नियम बदलतात. जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेची शाळा असती तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात, आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचंच काम. तिथे समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे येतं. ३१ ते १०० मुलांच्या शाळेला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,००० असे त्याचे निकष आहेत. म्हणजे पालकांपुढे हात पसरण्याआधी त्या अनुदानाचा हिशेब मांडता येतो. पूर्ण विनाअनुदानित शाळा असती तर २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात आणि शुल्कवाढीचा प्रस्ताव तिच्यापुढे येतो. तिथे सगळे पालक आधीच घसघशीत शुल्क भरतात, त्यामुळे संघाने वेगळी मोठी वर्गणी मागायला मी तर जाणार नाही.

तुमची शाळा या दोन्हींच्या मधली. शिक्षकांचे पगार सरकार देतं, इमारत संस्थेची, वेतनेतर, म्हणजे पगाराखेरीजच्या खर्चाचं, अनुदान येतं तेव्हा येतं. अनुदानित शाळेतल्या व्यवस्थापन समितीला २०१२ च्या दुरुस्तीनंतर सल्ला देण्यापुरतंच काम उरलं आहे. त्यामुळे तुमच्याकडे प्रत्यक्ष पैसे हाताळणारी पालकांची जागा एकच, ती म्हणजे संघ. आणि गळती दुरुस्त करण्यापासून बक्षिसांपर्यंत सगळं संघाच्या दारात येऊन पडतं तेही त्याचमुळे. मुख्याध्यापकांना यात दोष देऊ नका. त्यांच्याकडे मागायला दुसरं कुणी नसतं.

या आठवड्यात करायचं काम एकच: ते ३८,४०० रुपये संघाच्या नावावर आणायचे.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. माझ्या आधीचे खजिनदार अतिशय सरळ माणूस. संघाचं खातं नव्हतं म्हणून पैसे स्वतःच्या खात्यात ठेवले, गुगल पे वर घेतले. डिसेंबरात त्यांच्या वडिलांना दवाखान्यात हलवावं लागलं, त्या धावपळीत त्याच खात्यातून पैसे निघाले. स्नेहसंमेलन तोंडावर, मंडपवाल्याला इसार द्यायचा, आणि संघाचे नेमके किती शिल्लक आहेत हे त्यांनाही सांगता येईना. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी पै न् पै भरली. पण तोवर शाळेच्या फाटकापाशी व्हायची ती कुजबुज होऊन गेली होती. ते पुन्हा कधी सभेला आले नाहीत. चांगला माणूस गेला, आणि तो वाचवता आला असता.

म्हणून मागच्या खजिनदारांकडे जाताना ‘हिशेब द्या’ असं म्हणत जाऊ नका. ‘तुमच्यावरचं ओझं उतरवायला आलेय’ असं म्हणा, कारण खरोखर तेच आहे. डायरी दोघांनी शेजारी बसून वाचा. जमेच्या नोंदी पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींशी जुळवा, खर्चाच्या नोंदी असतील त्या बिलांशी. जिथे बिल नाही तिथे ‘बिल उपलब्ध नाही’ असं लिहून दोघांनी सही करा. जो आकडा निघेल तोच आरंभीची शिल्लक. ३८,४०० ऐवजी ३७,१५० निघाला तर तो मान्य करा आणि सभेत तसाच सांगा. फरक भरून देण्याचा आग्रह धरू नका, संघाने ठराव करून तो फरक निकाली काढावा.

खातं उघडायला संघ नोंदणीकृत असायलाच हवा असं नाही. नोंदणी नसलेल्या मंडळाचंही खातं निघतं. ठराव लागतो, पॅन किंवा तो नसेल तर बँक सांगेल तो घोषणापत्राचा फॉर्म लागतो, सही करणाऱ्यांची ओळखपत्रं आणि संघ खरोखर अस्तित्वात असल्याचे कागद लागतात: सभेचं इतिवृत्त, मुख्याध्यापकांचं पत्र. बँकेची शाखा शाळेजवळची घ्या आणि शाखाधिकाऱ्यांना आधी भेटा, म्हणजे एका फेरीत काम होतं. सह्या तिघांच्या नोंदवा, त्यातल्या कुठल्याही दोघांच्या सहीने चेक वटेल असं लिहून द्या: मुख्याध्यापक, तुम्ही आणि आणखी एक पालक. पैसे घ्यायला क्यूआर कोड मिळतो, तो संघाच्या नावाचा घ्या. पैसे बाहेर जाताना मात्र चेकनेच जाऊ देत. थोडं गैरसोयीचं वाटेल, पण त्या गैरसोयीतच तुमची सुरक्षितता आहे. हातशिल्लक दोन हजारांवर कधी ठेवू नका.

खातं एप्रिल ते मार्च चालवा, कारण बँक आणि संस्थेचा लेखापरीक्षक तेच वर्ष धरतात. समिती मात्र जुलैत बदलते. त्यामुळे बदलाच्या दिवशी पासबुक भरून घेऊन, रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाच्या वहीत, रेघ मारून, जुन्या आणि नव्या खजिनदाराने सही करायची. ही पंधरा मिनिटांची सवय लागली की तुमच्यावर आली ती वेळ पुढच्या कुणावर येत नाही.

आता यादी. सभेत गरजा विचारा, शिक्षकांना, पालकांना आणि नववी-दहावीच्या मुलामुलींनाही. मुलं जे सांगतात ते मोठ्यांच्या लक्षात येत नाही. आमच्या यादीत ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही’ ही ओळ एका आठवीतल्या मुलीने चिठ्ठीत लिहून दिली होती. ८० रुपयांची कडी. वर्षभर त्या मुली एकमेकींना दाराबाहेर उभं करून जात होत्या आणि आम्ही मात्र स्टेजच्या पडद्यावर चर्चा करत होतो. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहा: ‘संस्था’, ‘सरकार’ किंवा ‘संघ’. इमारत, छप्पर, वीजजोडणी, बाक, स्वच्छतागृहाचं बांधकाम हे संस्थेचं. पाठ्यपुस्तकं, पोषण आहार, शिष्यवृत्त्या हे सरकारचं, तिथे संघाने पाठपुरावा करायचा, पैसे घालायचे नाहीत. संघाचं म्हणजे काय, याची माझी कसोटी साधी आहे. जे झालं नाही तर एखादं मूल मागे पडेल किंवा बाजूला राहील, आणि जे दुसऱ्या कुणाच्या कर्तव्यात बसत नाही, ते संघाचं. सहलीचे पैसे नाहीत म्हणून घरी थांबणारं मूल. शिष्यवृत्ती परीक्षेची फी. वाचनालयात नवी पुस्तकं. खो-खोच्या संघाचा तालुक्याला जायचा प्रवासखर्च. सॅनिटरी पॅडचा साठा, ज्यासाठी मुलीला कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागू नये.

काही ओळींवर वाद होईल. पाण्याचा फिल्टर कोणाचा? माझ्या मते फिल्टर संस्थेचा, पण तो बंद पडून सहा महिने झाले असतील आणि मुलं घरून बाटल्या आणत असतील, तर मी दुरुस्तीचा खर्च संघातून करेन आणि संस्थेला पत्र लिहून तो कळवेन. तत्त्वासाठी मुलांना तहानलेलं ठेवायचं नाही. पत्र मात्र लिहायचंच, त्याची पोच घ्यायची, नाहीतर पुढच्या वर्षी तो खर्च आपोआप आपला होतो.

याच जागी तुमचे डिजिटल फळे येतात. मी त्यांच्या विरोधात नाही. पण आम्हाला एका देणगीदाराने प्रोजेक्टर दिला होता. दोन वर्षांनी त्याचा दिवा गेला. नवा दिवा घ्यायचा तर काही हजारांचा, आणि त्यासाठी कुठल्याच खात्यात तरतूद नव्हती. प्रोजेक्टर विज्ञानाच्या खोलीत, जुन्या टेबलक्लॉथखाली, तीन वर्षं झाकून होता. दर वर्षी देणगीदार झेंडावंदनाला यायचे आणि आम्ही त्यांना त्या खोलीकडे नेत नसू. म्हणून कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी तिच्या वर्षाच्या खर्चाची ओळ लिहा: दुरुस्ती, वीज, इंटरनेट, आणि ती चालवणारं माणूस कोण. ती ओळ भरता येत नसेल तर वस्तू अजून घेऊ नका. दोन फळे ही भांडवली खरेदी आहे, ती संस्थेच्या नावाने, बाहेरच्या देणगीतून व्हावी. पालकांच्या शंभर-शंभर रुपयांतून ती उभी करायला गेलात तर वर्ष संपेल आणि बाकी काहीच होणार नाही.

तर अंदाजपत्रक. तुमच्या आकड्यांवरून एक कच्चं मांडून दाखवते, त्यात तुम्ही बदल करा. ४२० मुलं म्हणजे भावंडं धरून साधारण ३६० घरं. वर्गणी घरटी १०० रुपये, मुलामागे नाही, कारण तीन लेकरं असलेल्या घराला तिप्पट भार नको. सगळे देणार नाहीत. आमचा अनुभव शंभरातले सत्तर देतात असा, म्हणून २५२ घरं धरा, म्हणजे २५,२०० रुपये. आनंद मेळाव्यातून खर्च वजा जाता १८,०००, रद्दीतून ९,०००. जमा झाली ५२,२००. शिल्लक ३८,४०० पैकी १०,००० राखीव म्हणून बाजूला काढा आणि त्यांना हात लावायचा तर सभेचाच ठराव हवा असं लिहून ठेवा. उरलेले २८,४०० धरून खर्चाला मिळतात ८०,६००.

खर्चाकडे बघा. गरजू मुलांचा निधी २०,०००. तो मी सगळ्यात आधी लिहिते, कारण शेवटी लिहिला तर जे उरेल तेच त्याच्या वाट्याला येतं. स्नेहसंमेलनाला संघाचा वाटा १५,०००, त्यावर एक रुपया नाही. खेळ १२,०००. पॅड आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचं सामान १२,०००. वाचनालय १०,०००. फिल्टरची देखभाल ६,०००. छपाई, पावतीपुस्तकं, टपाल २,०००. बेरीज ७७,०००. हातात ३,६०० राहतात आणि ते राहू द्या. जूनमध्ये मांडलेलं अंदाजपत्रक जानेवारीत तंतोतंत जुळलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

स्नेहसंमेलनाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण बहुतेक संघांचे पैसे तिथेच वाहून जातात. मंडप, ध्वनिव्यवस्था, भाड्याचे कपडे, स्मृतिचिन्हं, आणि प्रत्येक गोष्ट ‘एकदाच तर असतं’ म्हणून मंजूर होते. भाड्याच्या कपड्यांचा खर्च तर प्रत्येक नाचातल्या मुलाच्या घरावर पडतो, तो आपल्या वहीत दिसतही नाही. आमच्याकडे एका वर्षी शिक्षिकांनी ठरवलं की कपडे घरात असतील तेच, फक्त ओढणी आणि फेटा संघाने घ्यायचा आणि शाळेच्या कपाटात ठेवायचा. चाळीस फेटे अजून आहेत, दर वर्षी बाहेर निघतात. त्या वर्षी पहिल्यांदा नाचात नाव देणाऱ्या मुलांची संख्या वाढली, कारण घरून नाही म्हणायचं कारणच उरलं नव्हतं.

आता पैसे उभे करण्याकडे येते.

वर्गणी ऐच्छिक असते, आणि ऐच्छिक या शब्दाचा अर्थ शेवटपर्यंत पाळायचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना ठरल्या शुल्काखेरीज कुठलीही देणगी घेता येत नाही, म्हणून प्रवेशाच्या दिवशी, प्रवेशाच्या टेबलाजवळ तुमचं पावतीपुस्तक दिसताच कामा नये. निकालपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, परीक्षेचं प्रवेशपत्र, यांतलं काहीही वर्गणीसाठी अडवायचं नाही. आणि कृपा करून ग्रुपवर ‘वर्गणी दिलेल्यांची यादी’ टाकू नका. ज्यांचं नाव नसतं ते घर कळतं, आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गातल्या मुलाला कळतं. तुमच्या ग्रुपवर सगळे गप्प का बसतात, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. वर्गणी मागताना कशासाठी ते सांगा, रक्कम सांगा, आणि ‘न जमल्यास काहीही कळवायची गरज नाही’ हे वाक्य घाला. आमची वसुली त्या वाक्याने कमी झाली नाही.

आपल्याकडे याला मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी मुष्टिफंड उभा केला: घरोघरच्या बायांनी रोज दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला ठेवायचं. आमच्या भागात जुनी माणसं त्याबद्दल अजून आपुलकीने बोलतात. मूठ हे माप असल्यामुळे गरीब घरही देणाऱ्यांत बसायचं. शंभर रुपये जमत नसतील त्या घराने रविवारचे दोन तास दिले, तर तीही मूठच आहे, आणि तिची नोंद तितक्याच मानाने करायला हवी.

रद्दीचं सांगते, कारण ती सोपी वाटते आणि तिथे हमखास फसायला होतं. पहिल्या वर्षी आम्ही रविवारी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो मैदानात लावला. त्याचा लोंबता काटा, गठ्ठा अडकवला की क्षणभर हलायचा आणि तो लगेच आकडा सांगून गठ्ठा टेम्पोत फेकायचा. संध्याकाळी ४१० किलो म्हणाला. एका आईने घरी गठ्ठे वजन करून आणले होते: तिचे १४ किलो त्याच्या काट्यावर ११ झाले होते. पुढच्या वर्षी आम्ही किराणा दुकानातून प्लेट असलेला काटा मागून आणला, दोन दहावीतली मुलं वजन करायला आणि एक लिहायला बसवली, सगळं आमच्याकडे मोजलं, आणि मगच तीन व्यापाऱ्यांकडून दर मागवले. दर १२ पासून १४ रुपये किलोपर्यंत निघाला. सातशे किलोंवर तो दोन रुपयांचा फरक म्हणजे १,४०० रुपये, म्हणजे चौदा घरांची वर्गणी. शिवाय मुलांना वर्तमानपत्र वेगळं, वह्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा का ठेवायचा ते कळलं, कारण प्रत्येकाचा दर वेगळा असतो.

आनंद मेळाव्यात स्टॉलवर रोख अजिबात नको. १० आणि २० रुपयांची कुपनं, दोन रंगांत, क्रमांक छापलेली, आणि ती विकणारी दोनच टेबलं. स्टॉलवाल्यांनी संध्याकाळी कुपनं मोजून द्यायची आणि त्यांच्या सामानाचा खर्च बिलावर घ्यायचा. विकलेली कुपनं आणि परत आलेली कुपनं यांत थोडा फरक राहतो, काही मुलं कुपन खिशातच विसरतात. त्यांना सोमवारी मधल्या सुट्टीत पैसे परत मिळतील हे आधीच जाहीर करा. खाण्याचे स्टॉल घरच्या पदार्थांचे ठेवा: भेळ, मिसळ, थालीपीठ, ताक. आमच्याकडे सगळ्यात जास्त चालला तो एका आजींचा खरवस, ती वाटी संपेपर्यंत रांग हलली नाही.

शाळेच्या बाहेर दुकानादुकानांतून, रस्त्यावर वर्गणी फिरवायची कल्पना कुणी काढली तर थांबवा. अशा जाहीर वर्गणीसाठी गणेश मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी काढतात, ती भानगड शाळेच्या संघाने अंगावर घेऊ नये.

मोठी रक्कम, म्हणजे तुमचे दोन लाख, तीन ठिकाणांहून येऊ शकते. एक, गावातल्या पतसंस्था आणि सहकारी बँका. नफ्यातून धर्मादाय निधी काढणाऱ्या बऱ्याच संस्था असतात आणि त्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तुमचा अर्ज ऑगस्टमध्येच संचालक मंडळाच्या टेबलावर हवा. ऑक्टोबरात गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’. मी बँकेत असताना हे अर्ज माझ्याच टेबलावरून जायचे. एक पानी अर्ज, तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता, शाळेचा पट आणि मागच्या वर्षीच्या हिशेबाची प्रत, एवढं जोडलेले अर्ज आधी मंजूर व्हायचे, कारण संचालकांना विचारायला प्रश्नच उरत नसे. बहुतेक अर्ज मात्र ‘सहकार्य करावे ही विनंती’ एवढ्यावरच संपलेले असायचे.

दोन, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर. मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावी लागते. पण त्यांच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेची १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी लागते. ती संस्थेनेच करायची. संघाने त्यामागे धावण्यात अर्थ नाही.

तीन, माजी विद्यार्थी. यात माणसं मनापासून देतात आणि गडबडही इथेच होते. देणगी संघाच्या खात्यात घेऊ नका, संस्थेच्या खात्यात ‘डिजिटल फळ्यासाठी’ असं प्रयोजन लिहून घ्या. ज्याला आपण ८०जी म्हणतो ती करसवलत संस्थेकडे असली तरच देणाऱ्याला मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तर, आणि देणगी रोखीने दिली असेल तर ती २,००० रुपयांपर्यंतची असली तरच. हे आधी सांगा, म्हणजे मार्चमध्ये कुणी नाराज होत नाही. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत एक प्रश्न विचारायलाच हवा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी योगदान ठरत नाहीत. पण ज्याने अमेरिकेचं किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, तो मूळचा तुमच्या आळीतला असला तरी कायद्याने परदेशी स्रोत ठरतो, आणि संस्थेकडे विदेशी योगदानाच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्याचे पैसे घेता येत नाहीत. आम्हाला एका गुणी विद्यार्थ्याचे ५०,००० रुपये याच कारणाने नाकारावे लागले. त्याला वाईट वाटलं, मलाही. पुढे त्याच्या साताऱ्यातल्या धाकट्या भावाने, स्वतःच्या कमाईतून, जमतील तेवढे दिले.

म्हणजे मुख्याध्यापकांना सांगायचं ते असं: दोन लाखांच्या फळ्यांचा अर्ज आपण दोघं मिळून लिहू, संस्थेच्या नावाने, ऑगस्ट संपायच्या आत. पालकांच्या वर्गणीतून मात्र वर लिहिलेल्या सात ओळीच होतील. बहुतेक मुख्याध्यापकांना हे पटतं, कारण त्यांनाही कुणीतरी सोबत बसून अर्ज लिहावा असं वाटत असतं.

शेवटी ते भांडणारे दोघे. पहिल्यांदा त्यांना वाचायला काहीतरी द्या. आम्ही दर महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्च हाताने मोठ्या अक्षरात लिहून फाटकाजवळच्या फलकावर लावायचो. ग्रुपवर फोटो टाकायचो तो वेगळा, पण फलक महत्त्वाचा, कारण सगळ्यांकडे ग्रुप नसतो. एका दुपारी एक रिक्षावाले वडील मुलीची वाट बघत एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. मी दिसल्यावर विचारलं, ‘बाई, हे किरकोळ ८४० म्हणजे काय?’ मला तिथल्या तिथे सांगता आलं नाही. घरी येऊन व्हाउचर काढली: खडू, दोन वेळचा चहा, बॅनरची दोरी, झेरॉक्स. सगळं खरं होतं, पण त्यांच्या शंभर रुपयांना ‘किरकोळ’ या शब्दाचा हिशेब द्यायला मी कमी पडले होते. दुसऱ्या दिवशी ओळ फोडून लिहिली आणि त्यानंतर किरकोळ या नावाखाली २०० च्या वर कधी काही टाकलं नाही.

आणि त्या दोघांपैकी जे जास्त बोलतात त्यांना पुढच्या सभेत अंतर्गत हिशेब तपासनीस करा. दर तीन महिन्यांनी रोजकीर्द, व्हाउचर आणि पासबुक त्यांच्यासमोर ठेवायचं आणि त्यांनी सही करायची. आमच्याकडे ज्या गृहस्थांनी प्रत्येक सभेत आवाज चढवला, त्यांनाच हे काम दिलं. ते पहिल्या तिमाहीला चष्मा पुसत तीन तास बसले आणि त्यांनी ६५० रुपयांचं एक व्हाउचर मी दोनदा लिहिलेलं शोधून काढलं. फलकावरचा आकडा मी त्यांच्यासमोरच दुरुस्त केला. पुढच्या सभेत वर्गणीचा विषय निघाला तेव्हा उठून बोलणारे पहिले तेच होते, आणि त्यांनी आपल्या शेजारच्या बारा घरांची पावती स्वतः फाडून आणली.